एम.एस. आणि लशी: औषध सुरू होण्याआधी काय काय उरकून घ्यावं?

मधुमालती

नमस्कार. माझी धाकटी बहीण ३१ वर्षांची आहे. गेल्या महिन्यात तिला मल्टिपल स्क्लेरोसिस (एम.एस.) असल्याचं कळलं, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर उलटते तो आजार. सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. डोळा फिरवला की आतून ठणकायचं, मग त्या डोळ्याने लाल रंग विटका दिसायला लागला आणि पुढे समोरच्याचा चेहराही धड ओळखू येईना. एमआरआयमध्ये मेंदूत आणि मानेतल्या मज्जारज्जूत डाग दिसले. स्टिरॉइडची सलाइनं झाली, नजर बरीचशी परत आली आहे.

न्यूरोलॉजिस्टनी रिटुक्सिमॅब हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुचवलंय. पण त्याआधी लशींची यादी हातात ठेवली: हिपॅटायटिस बी, न्यूमोनियाच्या दोन, फ्लूची, आणि कांजिण्यांच्या अँटिबॉडी तपासून लागलीच तर तीही. आम्ही मुलुंडला राहतो. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "प्रतिकारशक्तीच उलटलीय, तिला अजून कशाला डिवचायचं? वर्षभर एकही लस नको." आईचा त्यांच्यावर तीस वर्षांचा विश्वास. ती अडून बसली आहे. बहीण म्हणते, ताई, तुम्ही दोघी मिळून काय ते ठरवा आणि मला सांगा, माझ्यात आता वाद घालायची ताकद नाही.

मला स्वतःला न्यूरोलॉजिस्टचं पटतंय. पण आईला समजवायचं तर मला आधी नीट कळायला हवं. लशीने रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, येतो का? लशींसाठी औषध किती लांबवायचं? आणि मोठ्या माणसांच्या या लशी मुंबईत सहज मिळतात का? ज्यांच्या घरात एम.एस. आहे त्यांनी कृपया लिहा.

खिडकीची_जागा

मधुमालती, आधी बहिणीला माझा नमस्कार सांग. मलाही सुरुवात डोळ्यानेच झाली होती, आणि मी आज ठाण्याहून रोज लोकलने ऑफिसला जाते. हे तिला मुद्दाम सांग.

मी आधी इंटरफेरॉनवर होते, आता डायमिथाइल फ्युमरेटवर. फ्लूची लस दर वर्षी पावसाच्या आधी घेते. मुंबईत फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, म्हणून एप्रिल-मेमध्ये नवी लस आली की लगेच. आजवर लशीमुळे रिलॅप्स आला नाही.

पण एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे घरात धावपळ होणार नाही. कोविशील्डच्या पहिल्या डोसनंतर मला रात्री ताप चढला. दोनच्या सुमारास बाथरूमला जायला उठले तर उजवा पाय उचलेचना. पॅसेजच्या टाइल्सना हात लावत, पाऊल फरपटत गेले. नवरा घाबरला, सासूबाई उठल्या, सगळ्यांना वाटलं झाला अटॅक. न्यूरोलॉजिस्टना मेसेज केला, त्यांनी सांगितलं पॅरासिटामॉल द्या, एसी लावा, मानेवर ओला नॅपकिन ठेवा आणि सकाळपर्यंत वाट बघा. सकाळी ताप उतरला आणि पायही नेहमीसारखा झाला.

याला उहथॉफ म्हणतात. जिथलं मायलिन, म्हणजे नसांवरचं आवरण, आधीच झिजलंय तिथून जाणारे संदेश अंगातली उष्णता वाढली की अडखळतात. मे महिन्यात दुपारी दादरच्या पुलावर चढताना मला हेच होतं. त्यात नवा डाग पडत नाही. खऱ्या रिलॅप्समध्ये लक्षणं ताप नसताना येतात आणि २४ तासांपेक्षा जास्त टिकतात.

वाटाणा

वाचतेय. माझ्या भावासाठी हाच प्रश्न आहे.

कोकणकडा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. माझ्या मेव्हणीला एम.एस. आहे. ऑफिसच्या शिबिरात तिने फ्लूची लस घेतली आणि तिसऱ्या आठवड्यात कमरेखाली दोन्ही पाय बधिर झाले. ताप नव्हता. एमआरआयमध्ये नवा डाग होता. स्टिरॉइड द्यावी लागली. डॉक्टर म्हणाले योगायोग. आमच्या डोळ्यासमोर घडलंय, ते योगायोग म्हणून कसं सोडून देऊ? तुमच्या आईची भीती मला अगदी समजते.

नाडीपरीक्षा

मी फिजिशियन आहे, न्यूरोलॉजिस्ट नाही. बहिणीच्या बाबतीत शेवटचा शब्द तिच्या न्यूरोलॉजिस्टचा. पण कोकणकडा यांनी मांडलेला प्रश्न खरा आहे आणि त्याचं उत्तर शोधलं गेलंय.

एम.एस.मध्ये रिलॅप्स तसेही येतच असतात. लस घेणारेही पुष्कळ. तेव्हा काही जणांत दोन्ही गोष्टी लागोपाठ घडणारच, लशीचा हात असो वा नसो. मग फरक ओळखायचा कसा? २००१ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेल्या युरोपातल्या अभ्यासात रिलॅप्स आलेले ६४३ रुग्ण घेतले. प्रत्येकाच्या रिलॅप्सच्या आधीचे दोन महिने आणि त्याच माणसाचे त्याआधीचे शांत गेलेले दोन-दोन महिने यांची तुलना केली. लशीने रिलॅप्स येत असते तर आधीच्या दोन महिन्यांत लस घेतलेले जास्त निघाले असते. निघाले २.३ टक्के, आणि शांत काळात २.८ ते ४ टक्के. यात धनुर्वात, हिपॅटायटिस बी आणि फ्लू या लशी प्रामुख्याने होत्या.

हिपॅटायटिस बी बद्दलची शंका फ्रान्समधून आली. १९९० च्या दशकात तिथे लशीनंतर एम.एस. झाल्याच्या तक्रारी वाढल्या आणि १९९८ मध्ये सरकारने शाळांमधलं लसीकरण थांबवलं. त्यानंतर अमेरिकेतल्या नर्सेसवर अभ्यास झाला, तोही २००१ च्या त्याच अंकात आहे. लस आणि एम.एस. यांचा संबंध आढळला नाही.

उलट दिशेचा पुरावा मात्र पक्का आहे. सर्दी-फ्लूसारख्या संसर्गानंतर रिलॅप्सचं प्रमाण वाढतं. म्हणजे आईंना जी भीती लशीची वाटते ती खरं तर आजाराची वाटायला हवी.

फॅमिली डॉक्टरांचं एक बरोबर आहे: रिलॅप्स चालू असताना लस देत नाहीत, तो निवळेपर्यंत थांबतात. पण वर्षभर? त्याला आधार नाही. आणि बहिणीच्या बाबतीत ते वर्ष महागात पडेल, कारण रिटुक्सिमॅब एकदा सुरू झालं की लशींचा उपयोगच कमी होतो.

जुनी_चाळ

नाडीपरीक्षा, आकडे पटले. पण लोकांच्या मनात ही भीती आली कुठून हे तुमच्या पिढीला कदाचित ठाऊक नसेल, म्हणून लिहितो. माझं वय ७२.

लालबागला आमच्या चाळीत कुत्रं चावलं की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. पोटाला लिंबाएवढ्या गाठी यायच्या. धाकट्या भावाला मी स्वतः रोज घेऊन जायचो. त्या लशीने काही जणांचे पाय जायचे, काहींना मेंदूला सूज यायची. आमच्या मजल्यावरच्या एका काकांना असंच झालं, पुढे कित्येक महिने ते काठी घेऊन फिरले. चाळीतली मोठी माणसं तेव्हापासून लस म्हटली की नसांचं विचारतात. माणसं उगीच घाबरत नव्हती हो.

नाडीपरीक्षा

काका, फार मोलाचं लिहिलंत. तुम्ही म्हणता ती सेम्पल लस. १९११ च्या सुमारास कसौलीला तयार झाली. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून, तो मारून, त्याच मेंदूच्या पेशींसकट टोचायचे. मेंढीच्या मेंदूत मायलिन असतंच. ते शरीरात गेलं की काही जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर उलटायची. म्हणजे तेव्हाची भीती अगदी खरी होती आणि तिचं कारणही कळलेलं आहे.

भारतात ती लस २००४ च्या अखेरीस बंद झाली. आताची रेबीजची लस पेशींच्या कल्चरवर बनते, त्यात मेंदूचा अंश नसतो, दंडात देतात. मधुमालती, आईंना हे जरूर सांगा. त्यांच्या वयाच्या माणसांनी ते चौदा दिवस पाहिलेले असतात.

आणि सगळ्यांसाठी: एम.एस. असो, रिटुक्सिमॅब चालू असो, कुत्रं चावलं तर रेबीजची लस घ्यायचीच. तिथे मागेपुढे बघायचं नाही. मात्र प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू आहे हे केंद्रावर पहिल्या वाक्यात सांगा. अशा रुग्णाला जखम किरकोळ असली तरी लशीसोबत सिरमही (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) देतात.

बंदरावरचा

जुनी_चाळ काका, तुमच्या लालबागच्या शेजारीच परळला हाफकिन संस्था. प्लेगच्या साथीत हाफकिन साहेबांनी १० जानेवारी १८९७ ला भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग लोकांना दिली. मुंबईकरांना लशीवर विश्वास ठेवायला तेव्हाही वेळ लागला होता.

वाटाणा

धागा एम.एस.चा आहे, इतिहास सुंदर आहे पण मूळ प्रश्नाकडे या ना. माझ्या भावाची अपॉइंटमेंट जवळ आली आहे.

हिरवा_कंदील

मूळ प्रश्नावरच लिहिते. मी रिटुक्सिमॅबवर आहे. सुरू करण्याआधी लशींबद्दल मला कोणीही बोललं नाही. ज्या हॉस्पिटलमध्ये पहिलं इन्फ्युजन झालं तिथे हिपॅटायटिसची तपासणी केली, निगेटिव्ह आली, आणि सलाइन लावलं. लस घ्या असं कोणी म्हणालं नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी चा कोर्स दिला. तिन्ही डोस घेतले, अँटिबॉडी तपासली, जवळजवळ शून्य. परत डोस, परत रक्त, परत तेच.

कारण साधं आहे. हे औषध बी पेशी काढून टाकतं आणि अँटिबॉडी त्याच पेशींपासून बनतात. शाळेत मास्तरच नसताना वर्ग भरवल्यासारखं होतं ते.

त्याचा राग मला अजून येतो. चार ओळींचा कागद कोणी हातात दिला असता तर काम झालं असतं. तुमच्या बहिणीला तो कागद मिळालाय, मधुमालती. तिच्या न्यूरोलॉजिस्टना माझे धन्यवाद सांगा.

सांजवेळ

हिरवा_कंदील यांचं दुःख समजतं, पण दुसरी बाजू मांडते. माझ्या नवऱ्याला लशी पूर्ण होईपर्यंत थांबवलं होतं. हिपॅटायटिस बी चे डोस शून्य, एक आणि सहा महिन्यांनी असतात. सहा महिने आम्ही थांबलो आणि त्या काळात त्याला मोठा रिलॅप्स आला. उजवा हात अजून पूर्ण चालत नाही, शर्टाची बटणं मी लावते. एम.एस.मध्ये गेलेला वेळ परत मिळत नाही. ज्यांच्या मणक्यात डाग आहेत त्यांनी लशींसाठी औषध रखडवू नये असं माझं ठाम मत आहे.

हिरवा_कंदील

सांजवेळ, वाचून वाईट वाटलं. पण सहा महिने थांबा असं मी म्हणत नाहीये. आधीचे काही आठवडे वापरा एवढंच म्हणणं. नाडीपरीक्षा, तुम्ही सांगा.

नाडीपरीक्षा

दोघी बरोबर आहात, आणि डॉक्टरलाही इथेच खरं डोकं लावावं लागतं. एम.एस. असलेल्यांनी लस घ्यावी की नाही हा वाद आता उरलेला नाही. कुठली, कधी आणि कुठल्या औषधाच्या आधी, इतकंच ठरवायचं असतं.

इंटरफेरॉन, ग्लॅटिरामर, नॅटालिझुमॅब, डायमिथाइल फ्युमरेट या औषधांवर मेलेल्या विषाणूंच्या लशी चांगल्या लागू पडतात. तिथे घाई नाही. फिंगोलिमॉड आणि रिटुक्सिमॅब-ऑक्रेलिझुमॅब यांच्यावर प्रतिसाद उतरतो. म्हणून या दोन गटांत आधीच उरकायचं.

जिवंत विषाणूंच्या लशी, म्हणजे कांजिण्या, गोवर-गालगुंड-रुबेला, पिवळा ताप, फ्लूचा नाकातला फवारा, या रिटुक्सिमॅब चालू झाल्यावर देतच नाहीत. द्यायच्या तर सुरू होण्याच्या किमान चार आठवडे आधी. मोठ्या डोसचं स्टिरॉइड झालं असेल तर त्यानंतरही साधारण महिनाभर थांबून. म्हणून अँटिबॉडीची तपासणी आजच करून घ्या. "लहानपणी आल्या होत्या बहुतेक" यावर विसंबू नका, रक्त सांगेल. अँटिबॉडी असतील तर ती लस यादीतून गेलीच आणि महिना वाचला.

हिपॅटायटिस बी मध्ये जलद वेळापत्रकही आहे: शून्य, एक, दोन महिने आणि मग बाराव्या महिन्याला बूस्टर. आजार जोरात असेल तर न्यूरोलॉजिस्ट एक-दोन डोस झाल्यावरही औषध सुरू करतात आणि उरलेलं नंतर बघतात. शरीरात दबून बसलेला हिपॅटायटिस बी रिटुक्सिमॅबने उसळू शकतो, म्हणून एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या तपासण्या आधी व्हायलाच हव्यात. त्या लस टोचण्याआधी करा. लशीनंतर काही दिवस एचबीएसएजी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग घरभर घबराट.

न्यूमोनियाची आधी कॉन्ज्युगेट लस, मग निदान आठ आठवड्यांनी जिवाणूच्या २३ प्रकारांवरची. दुसरीसाठी औषध थांबवायची गरज नसते.

औषध चालू झाल्यावर राहिलेल्या लशी दोन इन्फ्युजनांच्या मधल्या काळाच्या शेवटाकडे घेतात, पुढच्या डोसच्या महिनाभर तरी आधी. अँटिबॉडी कमी आल्या तरी प्रतिकारशक्तीच्या दुसऱ्या पेशी, टी पेशी, काही प्रमाणात शिकतात, हे कोविडच्या लशींच्या वेळी दिसलं. हिरवा_कंदील, त्यामुळे तुमचे डोस अगदी वाया गेले असं समजू नका.

कोकणकडा

डॉक्टर, तुम्ही शांतपणे समजावलंत, आभार. शांत काळाशी तुलना करायची हे मला सुचलं नव्हतं. मेव्हणीला पुढच्या वर्षी लस द्यायची की नाही हे तिने आणि तिच्या डॉक्टरांनी ठरवावं. मनातली धाकधूक एका दिवसात जात नाही, पण तिच्या डॉक्टरांशी मी या वेळी भांडणार नाही.

चिंचगूळ

घरात लहान मूल असणाऱ्यांसाठी. मी रिटुक्सिमॅबवर आणि जाऊबाईंचं बाळ सात महिन्यांचं. पल्स पोलिओच्या रविवारी दारात पालिकेच्या ताई आल्या. मी विचारलं, हे थेंब माझ्यासाठी ठीक आहेत का? त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, बाळाच्या डॉक्टरांना विचारा. तोंडाने द्यायच्या लशीत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो आणि तो बाळाच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. आमच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाला इंजेक्शनची पोलिओ लस दिली. ते जमत नसेल तर चार ते सहा आठवडे मी लंगोट बदलायचे नाहीत आणि सगळ्यांनी हात साबणाने धुवायचे, असं सांगितलं.

थेंबच नकोत असं ठरवून बाळाला लशीविना ठेवू नका. गोवर-रुबेलाची लस घरातल्या मुलांना आवर्जून द्या. २०२२ च्या शेवटी गोवंडीत गोवर पसरला तेव्हा मला किती भीती वाटली होती ते मीच जाणते. घरातली मुलं लस घेतलेली होती म्हणून मी झोपू शकत होते.

खिडकीची_जागा

चिंचगूळ, लंगोट बदलायचे नाहीत हे प्रिस्क्रिप्शन मला दहा वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं!

चिंचगूळ

मी लॅमिनेट करून ठेवलंय :)

प्रवासी_पक्षी

विषय निघालाच आहे तर विचारतो. बायकोला एम.एस., ऑक्रेलिझुमॅब चालू. ग्रुपबरोबर केनियाचं ठरलंय, टूरवाले म्हणतात पिवळ्या तापाची लस लागेल. काय करावं?

नाडीपरीक्षा

ऑक्रेलिझुमॅबवर ती लस नको. जिवंत लस आहे. २०११ मध्ये अर्जेंटिनाच्या एका छोट्या अभ्यासात, फक्त सात रुग्णांच्या, या लशीनंतर रिलॅप्स वाढलेले दिसले होते. नंतरच्या अभ्यासांत तसं दिसलं नाही. पण तुमच्या बाबतीत तो वाद येतच नाही, औषधामुळेच नाही म्हणायचं. डॉक्टर वैद्यकीय सूट असल्याचं प्रमाणपत्र देऊ शकतात. पण प्रमाणपत्राने डास चावायचा थांबत नाही, आणि लशीचा दाखला नसेल तर परत आल्यावर भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. जंगलच बघायचं असेल तर दक्षिण आफ्रिका, नामिबिया बघा. तिथे पिवळा ताप नाही. फक्त विमान नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे असेल तर मधला मुक्काम किती तासांचा आहे ते आधी तपासा.

प्रवासी_पक्षी

धन्यवाद. केनिया रद्द. बायको म्हणते ताडोबा काय वाईट आहे.

शिवाजीपार्क_कट्टा

कोविडच्या वेळचं लिहितो, कारण आपल्या लोकांना कागद नीट ठेवायची सवय लागायला हवी. १ मार्च २०२१ पासून ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीवाल्यांना लस सुरू झाली. वीस आजारांची यादी होती. मी तेव्हा ४६ चा, व्हीलचेअरवर. केंद्रावर सांगितलं, एम.एस. यादीत नाही, परत जा. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, माझ्याकडे कार्ड आहे, पण खिडकीतल्या माणसाच्या कागदावर ते अक्षर नव्हतं. भर उन्हात बहिणीने मला परत टॅक्सीत बसवलं.

मग न्यूरोलॉजिस्टनी नमुन्यातल्या प्रमाणपत्रात प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या ओळीवर खूण करून सही दिली. त्या ओळीवर लस मिळाली. दुसरा डोस मात्र सुखाचा झाला, दादरला कोहिनूरच्या पार्किंगमध्ये गाडीत बसूनच घेतला. पायऱ्या नाहीत, रांग नाही. पायात त्राण नसलेल्या माणसाला ते किती मोठं वाटतं हे चालणाऱ्याला सांगून कळणार नाही. अशी सोय साथ संपल्यावरही का असू नये, हा प्रश्न मी वॉर्ड ऑफिसला लेखी विचारला आहे.

मधुमालती, बहिणीच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर औषधाचं नाव, इन्फ्युजनच्या तारखा आणि घेतलेल्या लशींच्या तारखा लिहून ठेवा. बॅच नंबरचं स्टिकर कुपीवरून काढून तिथेच चिकटवा.

पोळीभाजी

लशी मिळण्याबद्दल. माझं माहेर-सासर दोन्ही मध्य रेल्वेवर, त्यामुळे तिकडचंच सांगते. फ्लू आणि हिपॅटायटिस बी बहुतेक नर्सिंग होममध्ये मिळतात. न्यूमोनियाच्या लशी मोठ्या हॉस्पिटलांच्या लसीकरण ओपीडीत, किंवा बालरोगतज्ज्ञांकडे विचारा. त्यांच्या फ्रिजमध्ये कॉन्ज्युगेट लस असतेच, कारण ती बाळांनाही देतात. मोठ्यांसाठी या सगळ्याचे पैसे पडतात आणि साधा मेडिक्लेम सहसा ओपीडीची लस देत नाही. नागिणीची नवी लस भारतात २०२३ मध्ये आली. ती जिवंत नाही, पण दोन डोस लागतात आणि खर्च मोठा आहे. वयाप्रमाणे गरज आहे का ते डॉक्टरांना विचारून मगच ठरवा.

केमिस्टकडून आणायची असेल तर लस २ ते ८ अंशांत राहायला हवी. बर्फाची पिशवी लशीला चिकटू देऊ नका, मध्ये रुमाल किंवा पुठ्ठा ठेवा. गोठलेली लस फेकूनच द्यावी लागते. आणि दुपारच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तर अजिबात नाही. मी बिल करण्याआधी केमिस्टला फ्रिज उघडून आतलं तापमान दाखवायला सांगते. कोणी तोंड वाकडं केलं तर दुसरं दुकान.

सांजवेळ

आमच्याकडे लस टोचताना पेशंट शांत असतो आणि मला चक्कर येते. नर्सने गेल्या वेळी मलाच आडवं केलं. सोबत जाणाऱ्यांनी खाऊन जा.

मधुमालती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आईजवळ बसून धागा वाचून दाखवला. अभ्यासाचे आकडे तिने ऐकून घेतले, काही बोलली नाही. जुनी_चाळ काकांचं पोटातल्या इंजेक्शनांचं वाचलं तेव्हा मात्र म्हणाली, "आमच्या मामालाही तसंच झालं होतं." हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मामा पुढे लंगडत राहिले. ती लस केव्हाच बंद झाली आणि मेंढीच्या मेंदूमुळे तसं व्हायचं, हे तिला पहिल्यांदाच कळलं. सकाळी तिने स्वतःहून विचारलं, पहिली लस कधी आहे?

फॅमिली डॉक्टरांनाही मी न्यूरोलॉजिस्टची चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, औषधाचं नाव मला आधी सांगितलं नव्हतं तुम्ही, हे असेल तर त्यांचं ऐका.

न्यूरोलॉजिस्टशी परत बोलले. सांजवेळ यांचा अनुभव लक्षात ठेवून थेट विचारलं की थांबण्यात धोका किती. मणक्यात डाग आहे म्हणून ते फार थांबायला तयार नाहीत. ठरलं असं: हिपॅटायटिसच्या तपासण्या झाल्या, दोन्ही निगेटिव्ह. या शनिवारी हिपॅटायटिस बी चा पहिला डोस आणि न्यूमोनियाची कॉन्ज्युगेट लस एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांत. फ्लूची त्यानंतर. महिन्याने हिपॅटायटिसचा दुसरा डोस, आणि त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत इन्फ्युजन. उरलेले डोस पुढे बघू. कांजिण्यांचं रक्त आज दिलंय.

खिडकीची_जागा, शनिवारी तापासाठी घरात काय तयार ठेवू?

खिडकीची_जागा

पॅरासिटामॉल, थर्मामीटर, पाण्याची बाटली पलंगाजवळ. लस सकाळी घ्या, म्हणजे ताप आला तरी दिवसाउजेडी जागे असताना येईल. रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेवा आणि वाटेतलं पायपुसणं उचलून ठेवा. दोन दिवस तिला स्वयंपाकघरात गॅससमोर उभं राहू देऊ नका. डोळा थोडा धुरकट वाटला तर आधी ताप बघा. ताप नसताना धुरकटपणा दुसऱ्या दिवशीही राहिला तर फोन करा, शनिवार-रविवार आहे म्हणून थांबू नका. डॉक्टरांचा नंबर आईच्या फोनमध्येही हवा.

वाटाणा

मधुमालती, कांजिण्यांचा रिपोर्ट आला की इथे लिही हं. भावाला फिंगोलिमॉड सुचवलंय, त्यालाही तीच तपासणी सांगितली आहे.

नाडीपरीक्षा

रिपोर्टमध्ये आयजीजी (जुन्या, टिकून राहिलेल्या अँटिबॉडी) बघा दोघेही. लॅबवाले कधी कधी आयजीएम (ताज्या संसर्गाची तपासणी) करून देतात, तिचा इथे उपयोग नाही. आणि भावाच्या आयजीजी निगेटिव्ह आल्या तर कांजिण्यांच्या लशीचे दोन डोस, मध्ये किमान चार आठवडे, आणि दुसऱ्यानंतर महिनाभराने फिंगोलिमॉड. तोवर मधल्या काळात दुसरं कुठलं औषध द्यायचं का, हे या अपॉइंटमेंटलाच विचारून घ्या.